परभणी जिल्ह्यातील शाळा आणि प्रौढांचे शिक्षण

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि येथील शिक्षणाच्या इतिहासातील बहुतेक प्रश्न या एकाच वस्तुस्थितीतून निघतात. संस्थानातील सरकारी शाळांची उतरंड तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मधली आणि फोकानिया म्हणजे हायस्कूल अशी असे. मराठीला पहिल्या पायरीवर काही जागा मिळे, परंतु वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू असल्यामुळे, ज्याच्या घरी ही भाषा नव्हती अशा कुणब्याच्या मुलाला भूगोल किंवा गणित कळण्याआधी त्या विषयांची भाषा आत्मसात करावी लागे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून देऊन दाखवले, हे त्याचे मोठेपण निर्विवाद आहे. तोच न्याय संस्थानातील बहुसंख्यांच्या मराठी, तेलुगू आणि कन्नड या भाषांना मात्र मिळाला नाही.

ही उणीव गावोगावचे पंतोजी आपल्या परीने भरून काढत. त्यांच्या खाजगी शाळांत धूळपाटीवर अक्षरे गिरवली जात, मोडी वाचली जाई आणि पावकी-निमकीचे पाढे पाठ होत. १९२४ च्या सुमारास अशा शाळांना सरकारी परवानगीची अट लागू झाली आणि पुढे ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने (गश्ती म्हणजे फिरते आज्ञापत्र) सभा-संमेलनांवरही परवानगीचे बंधन आले. शिकण्याच्या उघड वाटा अशा आखडल्यावर परभणीच्या गणेश वाचनालयासारखी ग्रंथालये, गणेशोत्सवातील व्याख्याने आणि सेलूच्या नूतन विद्यालयासारख्या लोकांनी उभारलेल्या शाळा यांच्यावर दुहेरी भार पडला: मुलांना शिकवायचे आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना नागरिक म्हणून घडवायचे. त्या काळच्या परभणी जिल्ह्यातील पुरजळ येथे जन्मलेल्या केशवराव कोरटकरांनी हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळेच्या उभारणीत पुढाकार घेतला, तर संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे, म्हणजे तेव्हाच्या याच जिल्ह्यात, भरले. शाळा, वाचनालय आणि राजकीय जागृती यांना येथे वेगळे काढता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुलांच्या शाळांची जबाबदारी शासनाने आणि १९६२ पासून जिल्हा परिषदेने उचलली. प्रौढ शिक्षणाला नवे वळण मिळाले ते शेतीतून, आणि त्याचे बीज जुनेच होते, कारण निजाम सरकारने १९१८ मध्येच परभणीत शेतीचे प्रयोगक्षेत्र सुरू केले होते. १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय आले आणि मराठवाड्याला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे या मागणीसाठी विद्यार्थी व नागरिक रस्त्यावर उतरल्यानंतर १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. पदवीपेक्षाही विद्यापीठाच्या विस्तार शिक्षणाचे, म्हणजे संशोधन थेट शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवण्याच्या कामाचे, मोल जिल्ह्याला अधिक आहे. ‘परभणी क्रांती’ ही केवडा या पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला तोंड देणारी भेंडी किंवा ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी शेतात पोचली, तेव्हा लागवडीचे अंतर, बीजप्रक्रिया आणि बियाणे राखण्याची रीत यांचे ज्ञानही तिच्यासोबत गेले. स्थापनादिनी, १८ मे रोजी, खरीप मेळावा आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर रोजी, रब्बी मेळावा घेण्याची प्रथा पडली. ज्या प्रदेशात माणसांना एकत्र जमण्यासाठी परवाना लागत असे, तेथे मुक्तीचा दिवस पेरणीच्या शिक्षणाला देणे अत्यंत उचित ठरते.

या व्यवस्थेचा लाभ प्रामुख्याने सातबारा नावावर असलेल्यांना झाला, हेही नोंदवले पाहिजे. गंगाखेड, सोनपेठ भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी पुढे हंगामी वसतिगृहांची, म्हणजे पालक स्थलांतरित असताना मुलांना गावीच ठेवून शिकवण्याची, योजना आली. त्यांच्या आई-वडिलांच्या शिक्षणाकडे मात्र तितक्या आस्थेने पाहिले गेले नाही.