अठरा कर्जरोखे आणि एक लाभांश

‘लाभांश’ हा शब्द कायद्याच्या पुस्तकात रुक्ष दिसतो. पण गोमंतकातील गावकऱ्यास त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. गावकरीची शेते पावणीस काढून जी रक्कम येई, तीतून बांधांची दुरुस्ती, देवालयाचा खर्च व सरकारदेणे भागवून जे उरे ते ‘झोण’ म्हणून वाटले जाई. उरेल ते वाटावयाचे, हाच लाभांशाचा मूळ अर्थ होय. व्याज ठरलेले असते, लाभांश ठरलेला नसतो. झोणात उणे एवढेच होते की, तो एका गावच्या जमिनीवर अवलंबून असे. बांध फुटून खारे पाणी आत शिरले की त्या वर्षी वाटावयास काही उरत नसे.

इंग्लंडातील मध्यमवर्गाची एकोणिसाव्या शतकातील अडचण काहीशी याच जातीची होती. विधवा, पाद्री, निवृत्त अंमलदार यांची पुंजी बहुधा इंग्रज सरकारच्या ‘कन्सोल’ रोख्यांत असे व त्यांवर शेकडा तीनच्या आसपास उत्पन्न मिळे. परदेशी राज्यांचे रोखे अधिक देत. परंतु शंभर पौंडांचा धनी एकाच राज्याचा रोखा घेई, आणि ते राज्य बुडाले की तोही बुडे. दहा राज्यांचे रोखे घेणे धनाढ्यासच परवडे.

ही अडचण ओळखणारा मनुष्य वकील होता, हे सांगताना मला थोडा व्यवसायबंधुत्वाचा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा. डिझरायलीचा कायदेसल्लागार फिलिप रोझ याने मार्च १८६८ मध्ये लंडनला ‘फॉरिन अँड कलोनियल गव्हर्नमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. माजी लॉर्ड चॅन्सेलर वेस्टबरी हे त्याचे अध्यक्ष. निरनिराळ्या देशांचे अठरा कर्जरोखे विश्वस्तांच्या हवाली असत. सामान्य मनुष्याने ८५ पौंड भरून १०० पौंडांचे प्रमाणपत्र घ्यावे व त्यावर शेकडा सहा दराने उत्पन्न घ्यावे, अशी योजना होती. भरलेल्या रकमेवर हे उत्पन्न शेकडा सातपर्यंत जाई. शिलकीतून दर वर्षी चिठ्ठ्या टाकून काही प्रमाणपत्रे पूर्ण शंभर पौंडांस परत घेतली जात.

कल्पना अगदी नवी नव्हती. ॲमस्टरडॅमचा दलाल आब्राहाम व्हान केटविख याने १७७४ मध्येच ‘ऐक्य हेच बळ’ अशा अर्थाच्या नावाने असा निधी काढला होता. त्यात युरोपातील राज्यांचे रोखे आणि अमेरिकेतील डच वसाहतींच्या मळ्यांवरील कर्जे होती. १७८० मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपले, मळ्यांची कर्जे थकली आणि ठरलेल्या वाटपाची ओढाताण झाली. रोखे अनेक असले तरी संकट एकच असू शकते, हे तेव्हाच दिसून आले.

लंडनच्या निधीचीही परीक्षा लवकरच झाली. १८७५ मध्ये तुर्कस्तानने हात वर केले. १८७६ मध्ये इजिप्त व पेरू यांनीही देणे थांबविले. तिन्ही देशांचे रोखे निधीच्या पेटीत होते. एखाद्याची सारी पुंजी पेरूच्या रोख्यांत असती तर त्याचे काय झाले असते ते सांगावयास नको. हा निधी मात्र तगला.

खरा धोका न्यायासनाकडून आला. १८६२ च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्यासाठी वीसांहून अधिक माणसे एकत्र आली तर नोंदणी आवश्यक होती. १८७९ मध्ये ‘साइक्स विरुद्ध बीडन’ या खटल्यात सर जॉर्ज जेसेल यांनी अशाच एका ट्रस्टला बेकायदा मंडळी ठरविले. चिठ्ठ्यांची सोडतही त्यांस लॉटरी वाटली. रोझच्या संस्थेने त्याच वर्षी मर्यादित कंपनीचे रूप घेतले. पुढे १८८० मध्ये ‘स्मिथ विरुद्ध अँडरसन’ खटल्यात अपील न्यायालयाने जेसेल यांचे मत फिरविले. प्रमाणपत्रधारक व्यापार करीत नाहीत, त्यांचे परस्परांशी काही नाते नाही, कारभार विश्वस्तांचा आहे, असा तो निर्णय होता. आजच्या म्युच्युअल फंडाची कायदेशीर बैठक पुष्कळ अंशी या निर्णयात आहे, असे माझे मत आहे.

निवड करणारा शहाणाच काढून टाकावा, हा विचार पुढच्या शतकातला. जॉन बोगल याने १९७६ मध्ये अमेरिकेत सामान्यांसाठी पहिला इंडेक्स फंड काढला. यादीत जेवढ्या कंपन्या, तेवढ्यांचे भाग त्यांच्या आकाराच्या प्रमाणात घ्यावयाचे. १५ कोटी डॉलरांची अपेक्षा असता जेमतेम १ कोटी १३ लाख जमले व लोक हसले. आज अशा फंडांत अनेक देशांतील हजारो कंपन्या असतात. जपानची कंपनी येनमध्ये, स्वित्झर्लंडची फ्रँकमध्ये लाभांश देते. पुष्कळ देश आपला कर कापून घेतात. फंड आपला खर्च वजा करतो. आणि उरेल ते भागधारकास मिळते. झोणाचाच हा हिशेब, केवळ गाव मोठा झाला आहे.

आपल्याकडील गृहस्थाने मात्र काही गोष्टी पारखून घ्याव्यात. लाभांश वाटला की तेवढ्याने भागाची किंमत उतरते, म्हणून ती फुकटची देणगी नव्हे. अमेरिकेतील फंडाने दिलेल्या लाभांशातून भारतीय रहिवाशाचे शेकडा २५ तेथेच कापले जातात. येथील आयकरात त्याची वजावट मागता येते, पण ती मागावी लागते. देवस्थानच्या निधीस तर ही वाट सहसा मोकळी नसते. करमाफी टिकवावयाची तर आयकर कायद्याने नेमून दिलेल्या प्रकारांतच पैसा गुंतवावा लागतो, आणि दुसऱ्याच्या ठेवीच्या बाबतीत मला हा सोवळेपणा गैर वाटत नाही.

परदेशी ठेवलेल्या धनाविषयी गोमंतकीयांचा संशयही निराधार नाही. येथील पोर्तुगीज बँकेत गहाण पडलेले दागिने १९६१ च्या सुमारास लिस्बनला गेले, ते परत यावयास १९९१ साल उजाडले. त्या तीस वर्षांत ज्या मुलींची लग्ने झाली, त्यांच्या अंगावर ते सोने चढले नाही.

रोझची संस्था आजही लंडनच्या बाजारात आहे. तिच्या पेटीत आता मुख्यत्वे जगभरच्या कंपन्यांचे भाग असतात व त्यांची निवड माणसेच करतात. पन्नासांहून अधिक वर्षे तिने आपला लाभांश दर वर्षी वाढवीत नेला आहे.