पारनेरची जीप आणि एका आईचे २० लाख

राळेगणसिद्धी म्हटले की लोकांना माहितीचा अधिकार आठवतो. मला त्याच पारनेर तालुक्यावर रचलेली एक कहाणी आठवते. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस पळाला. सीआयडीच्या तपासात ती बनावट निघाली. तो कोठडीतच मेला होता. मृतदेह मिळालाच नाही.

कोठडीतल्या मृत्यूला सरकार जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच नीलाबती बेहरा खटल्यात सांगितले होते. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने युनूसच्या आईला एकूण २० लाखांची भरपाई ठरवली. ती तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. आरोपी पोलिसांच्या खटल्याचा निकाल मात्र वीस वर्षे उलटूनही लागला नव्हता. भरपाई म्हणजे न्याय नव्हे.