नेम, काळ आणि श्रेष्ठत्व : व्यावहारिक पिस्तूल नेमबाजीच्या इतिहासाचा एक विचार

१. प्रस्तावना

एखाद्या क्रीडाप्रकारातील मोजके अग्रणी खेळाडू आणि उरलेले असंख्य खेळाडू यांच्यात नेमके कोणते अंतर असते, हा प्रश्न सामान्यतः क्रीडामानसशास्त्राचा किंवा शारीरिक शिक्षणशास्त्राचा मानला जातो. प्रस्तुत लेखात तो इतिहासाच्या अंगाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी निवडलेला क्रीडाप्रकार म्हणजे अमेरिकेत उदयास आलेली व्यावहारिक पिस्तूल नेमबाजी होय.

आपल्याकडील वाचकाला पिस्तूल नेमबाजी परिचित आहे ती ऑलिंपिक प्रकारांमुळे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजयकुमार यांनी २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळविले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकाविले. या प्रकारांत काळ नियमाने बांधलेला असतो. रॅपिड फायरमध्ये पाच गोळ्यांसाठी अनुक्रमे ८, ६ व ४ सेकंद मिळतात. त्या मर्यादेत जो अधिक अचूक, तो श्रेष्ठ. व्यावहारिक नेमबाजीत मात्र काळ कोणी ठरवून देत नाही. स्पर्धक होल्स्टरमधून पिस्तूल काढतो, आडोशांमागून धावतो, निरनिराळ्या अंतरांवरील लक्ष्ये टिपतो, मध्येच मॅगझिन बदलतो. आणि हे सर्व किती वेळात करावयाचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. श्रेष्ठत्वाचे गमक या निवडीत आहे, आणि हे गमक क्रीडाप्रकाराच्या मोजमापपद्धतीतूनच घडले आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. कमरेवरून डोळ्यापर्यंत

या क्रीडाप्रकाराचा उगम १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथील स्पर्धांत सापडतो. अमेरिकन मरीन दलातील माजी अधिकारी जेफ कूपर (१९२०–२००६) हे त्यांचे प्रमुख प्रवर्तक. त्या काळी वेगवान नेमबाजी म्हणजे कमरेच्या उंचीवरून, एका हाताने, माशीकडे न पाहता केलेला गोळीबार अशीच समजूत होती. लॉस एंजेलिस परगण्याचे पोलीस अधिकारी जॅक वीव्हर यांनी ती मोडीत काढली. त्यांनी पिस्तूल दोन्ही हातांत धरून डोळ्यांच्या रेषेत आणले आणि माशी पाहून गोळी झाडली. या कृतीला क्षणभर अधिक लागत असे; परंतु इतरांच्या गोळ्या चुकत आणि वीव्हर यांची लागे. कूपर यांनी या पद्धतीचे निरीक्षण करून तिला शास्त्रीय मांडणी दिली.

श्रेष्ठत्वाच्या प्रश्नाला इतिहासाने दिलेले हे पहिले उत्तर होय : नुसता चपळ हात पुरेसा नाही, त्याला डोळ्याची साथ हवी. १९७६ च्या मे महिन्यात मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला व कूपर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ‘डिलिजेन्शिया, व्हिस, केलेरिटास’ हे लॅटिन ब्रीद महासंघाने स्वीकारले. अचूकता, शक्ती आणि वेग या तिहींचा समतोल हा त्याचा आशय.

३. मोजमापाचे सूत्र

ब्रीद उदात्त असले तरी समतोल मोजायचा कसा, हा प्रश्न उरतोच. ‘कॉमस्टॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणनपद्धतीने तो सोडविला. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे. येणारा भागाकार म्हणजे ‘हिट फॅक्टर’. लक्ष्याच्या मध्यवर्ती ‘ए’ विभागात ५ गुण. ‘सी’ विभागात ४ किंवा ३. ‘डी’ विभागात २ किंवा १. जड, वेगवान गोळी वापरणाऱ्यास बाहेरील विभागांत अधिक गुण मिळतात. ब्रीदातील ‘शक्ती’ अशी आकड्यात आली. लक्ष्य पूर्णतः चुकल्यास १० गुण वजा होतात.

कूपर यांच्या ‘एल प्रेसिडेंटे’ या प्रसिद्ध कसोटीवरून हे सूत्र स्पष्ट होईल. तीन लक्ष्यांकडे पाठ करून उभे राहावयाचे. इशारा होताच वळून प्रत्येकावर दोन गोळ्या, मग मॅगझिन बदलून पुन्हा दोन-दोन. एकूण १२ गोळ्या, कमाल ६० गुण. समजा, पहिल्या स्पर्धकाने ६ सेकंदांत पूर्ण ६० गुण मिळविले. त्याचा भागाकार १०. दुसऱ्याने ५ सेकंदांत ५४ गुण मिळविले, त्याचा १०.८. तिसऱ्यानेही ५ सेकंदच घेतले, अकरा गोळ्या मध्यभागी मारल्या, पण बारावी चुकली. ५५ उणे १० म्हणजे ४५ गुण, आणि भागाकार अवघा ९. निर्दोष पण संथ स्पर्धक दुसऱ्या क्रमांकावर राहिला, आणि वेगाच्या भरात एकच चूक करणारा तळाला गेला. श्रेष्ठ स्पर्धक या दोहोंमधील अरुंद पट्ट्यात वावरतो आणि ते क्षेत्र प्रत्येक लक्ष्यागणिक बदलते.

४. पवित्रा आणि साधने

१९८० च्या दशकाच्या आरंभी ॲरिझोनातील रॉब लेथम आणि ब्रायन एनॉस या तरुणांनी वीव्हर यांचा पवित्रा सोडला. शरीर तिरके ठेवून एका हाताने ढकलणे व दुसऱ्याने ओढणे यापेक्षा, लक्ष्यासमोर सरळ उभे राहून दोन्ही हात सारखे पुढे केल्यास धक्क्यानंतर पिस्तूल सरळ वर जाऊन सरळ खाली येते आणि शरीर दोन्ही बाजूंना सहज वळते, हे त्यांनी प्रयोगाने जाणले. १९८३ मध्ये लेथम जागतिक विजेते झाले आणि थोड्याच वर्षांत हा पवित्रा सार्वत्रिक झाला.

पाठोपाठ साधनांची शर्यत सुरू झाली. धक्का कमी करणारे कॉम्पेन्सेटर, अधिक काडतुसे सामावणारी मॅगझिन आणि अखेर लाल ठिपक्याची दुर्बीण आली. १९९० मध्ये ॲडलेड येथील जागतिक स्पर्धा डग कोनिग यांनी अशाच दुर्बिणीनिशी जिंकली. साधनांनुसार स्वतंत्र विभाग पाडणे त्यानंतर अपरिहार्य ठरले. हा खेळ ‘व्यावहारिक’ राहिला नाही, अशी टीका खुद्द कूपर यांनी केली. याच असंतोषातून १९९६ मध्ये बचावात्मक पिस्तूल नेमबाजीची वेगळी संघटना अमेरिकेत स्थापन झाली.

तथापि पवित्रा असो वा साधन, दोन्ही अनुकरणसुलभ आहेत. विजेत्याचे पिस्तूल विकत घेता येते, त्याची उभे राहण्याची रीत छायाचित्रावरून शिकता येते. ज्याची नक्कल एका हंगामात होऊ शकते, ते श्रेष्ठत्वाचे टिकाऊ कारण असू शकत नाही.

५. दोन गोळ्यांमधील काळ

याच दशकात गोळीचा आवाज टिपणारे इलेक्ट्रॉनिक टायमर प्रचारात आले. त्यापूर्वी स्टॉपवॉचवर एकूण वेळ तेवढा कळे. आता प्रत्येक गोळीचा क्षण स्वतंत्रपणे नोंदला जाऊ लागला. एकूण काळाचे विभाजन करता आल्यामुळे तो कोठे खर्च होतो हे उघड झाले.

उदाहरणादाखल ३२ गोळ्यांचा एक मोठा टप्पा घेऊ : १६ लक्ष्ये, प्रत्येकी दोन गोळ्या. जोडीतील दुसरी गोळी प्रत्येक वेळी ०.०५ सेकंद लवकर झाडली, तर संपूर्ण टप्प्यात वाचतात ०.८ सेकंद. उलट, पाच ठिकाणांवरून निघताना व पोहोचताना प्रत्येकी अर्धा सेकंद वाचविला, तर बचत होते २.५ सेकंद. सामान्य स्पर्धक चाप अधिक जलद ओढण्याची खटपट करतो. अग्रणी स्पर्धक पिस्तूल शांत असतानाचा काळ कमी करतो. तो थांबण्यापूर्वीच पिस्तूल डोळ्यासमोर आणतो, शेवटची गोळी सुटताच नजर पुढील लक्ष्यावर नेतो.

यामागे दृष्टीचे शिक्षण आहे. दृश्य उद्दीपनाला प्रतिसाद देण्यास माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. त्यामुळे दोन गोळ्यांतील अंतर याहून कमी असेल, तर दुसरी गोळी पहिलीचा परिणाम पाहून झाडली जाणे अशक्य असते. ती पूर्वानुमानावर सुटते. धक्क्यानंतर माशी कोठे परतेल, याची खात्री हजारो आवर्तनांतून अंगी मुरलेली असावी लागते. शिवाय गोळी सुटण्याच्या क्षणी माशी कोठे होती, एवढ्यावरून ती कोठे लागली हे कुशल नेमबाज लक्ष्याकडे न पाहता ओळखतो; चुकलेली गोळी तेथेच दुरुस्त करतो. एनॉस यांनी १९९० मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथात कौशल्याचा हा पाहण्याशी असलेला संबंध विस्ताराने मांडला आहे.

दुसरा घटक नियोजनाचा. टप्पा सुरू होण्यापूर्वी स्पर्धकांना पाहणीसाठी मोजकी मिनिटे मिळतात. अग्रणी स्पर्धक त्या अवधीत क्रम निश्चित करून मनोमन उजळणी करतो. इशारा झाल्यावर त्याला काही ठरवावे लागत नाही.

६. दोन साक्षी

फ्रान्समधील केंपेर येथील एरिक ग्राफेल यांनी १९९९, २००२, २००५, २००८ आणि २०११ अशा सलग पाच जागतिक स्पर्धांत ‘ओपन’ विभागाचे विजेतेपद मिळविले. या बारा वर्षांत प्रतिस्पर्ध्यांनाही तशीच साधने उपलब्ध होती. तेव्हा या सातत्याचे श्रेय साधनांना देता येत नाही.

दुसरी साक्ष जपानची. तेथे सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य आहे. तरीही तात्सुया साकाई यांनी मुख्यतः प्लॅस्टिकचे छर्रे उडविणाऱ्या एअरसॉफ्ट पिस्तुलावर सराव करून २००४ मध्ये अमेरिकेतील ‘स्टील चॅलेंज’ ही स्पर्धा जिंकली. पोलादी लक्ष्यांच्या या स्पर्धेत केवळ वेळ मोजली जाते, हा फरक ध्यानात घेतला तरी निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पिस्तूल काढणे, नजर हलविणे, चाप ओढणे ही कौशल्ये खऱ्या गोळीवाचून, घरच्या भिंतीसमोरही कमावता येतात. म्हणजे झाडलेल्या काडतुसांची संख्या हे प्रावीण्याचे माप नव्हे. आवर्तनांची गुणवत्ता हे त्याचे माप होय.

७. समारोप

हात, पवित्रा, साधन आणि अखेर दृष्टी व नियोजन, अशा क्रमाने श्रेष्ठत्वाचे स्पष्टीकरण बदलत गेले. प्रत्येक स्पष्टीकरण आपल्या काळी खरे होते. सर्वांनी ते आत्मसात करताच त्याचे भेदक मूल्य संपले. आज अग्रणी व इतर यांतील अंतर उरले आहे ते मुख्यतः जे छायाचित्रात दिसत नाही त्यात : दोन गोळ्यांमधील काळात, आणि किती अचूकता पुरेशी आहे हे क्षणार्धात ओळखण्याच्या विवेकात.

या इतिहासातून एक व्यापक बोधही मिळतो. कूपर यांना सज्ज, संरक्षणक्षम नागरिक घडवावयाचा होता; गुणांना काळाने भागणाऱ्या सूत्राने मात्र एक नवा क्रीडापटू घडविला. आपण ज्याचे मोजमाप करतो, तसे प्रावीण्य समाजात वाढीस लागते, मग मूळ हेतू कोणताही असो. मूल्यमापनाच्या पद्धती ठरविणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः शिक्षणक्षेत्रातील आपण सर्वांनी, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.