'फाइल सापडत नाही': लिनक्सवरील जुन्या प्रोग्रॅमांची कहाणी

१/ १९९६ साली लिनक्ससाठी तयार झालेला एखादा प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालवू पाहिला, तर बहुधा एकच उत्तर मिळते : 'अशी फाइल अस्तित्वात नाही.' फाइल तर डोळ्यांसमोर असते. मग हरवले आहे ते काय?

२/ बहुतेक प्रोग्रॅम स्वयंपूर्ण नसतात. अक्षरे छापणे, फाइल उघडणे, मेमरी मागणे ही नित्याची कामे ते सामाईक लायब्ररीवर सोपवतात. एकच प्रत सर्वांनी वापरायची, म्हणजे डिस्क आणि मेमरी दोन्ही वाचतात. मेमरी मोजक्या मेगाबाइटांची असण्याच्या काळात ही काटकसर अपरिहार्य होती.

३/ लिनक्सच्या आरंभीच्या 'ए.आउट' पद्धतीत प्रत्येक लायब्ररीला मेमरीतील ठरावीक पत्ता आधीच नेमून द्यावा लागे. हा व्याप असह्य झाल्यावर, १९९५च्या सुमारास, लिनक्स युनिक्सच्या 'ईएलएफ' पद्धतीकडे वळले. तीत लायब्ररी कोणत्याही पत्त्यावर बसू शकत असे.

४/ दुसरे स्थित्यंतर अधिक खोल होते. लिनक्सच्या विकसकांनी जीएनयू सी लायब्ररीची स्वतंत्र शाखा काढली होती. तिची ईएलएफ आवृत्ती म्हणजे 'लिबसी ५'. दरम्यान मूळ प्रकल्प पुढे गेला आणि १९९७मध्ये 'ग्लिबसी २' आली. लिनक्सवर तिला 'लिबसी ६' हे नाव मिळाले. त्याच वर्षाअखेरीस रेड हॅट ५.०ने आणि १९९८मध्ये डेबियन २.०ने ती स्वीकारली.

५/ नावातील हा आकडा म्हणजे एक करारच. आकडा बदलला, की जुना करार संपला. म्हणूनच नव्या लायब्ररीला जुन्या नावाची लिंक जोडण्याची युक्ती धोक्याची ठरते : प्रोग्रॅम सुरू झालाच, तरी मध्येच कोसळू शकतो.

६/ आता आरंभीचे कोडे. लायब्रऱ्या जोडून देणाऱ्या 'लोडर'चे नाव प्रोग्रॅमच्या पोटातच लिहिलेले असते. लिबसी ५च्या काळी ते 'एलडी-लिनक्स.एसओ.१' होते, लिबसी ६बरोबर शेवटचा आकडा २ झाला. आजच्या संगणकावर पहिला लोडर नसतो. हरवलेला असतो तो लोडर. संदेशात मात्र नाव येते प्रोग्रॅमचे.

७/ या स्थित्यंतरांतून धडाही घेतला गेला. १९९९च्या ग्लिबसी २.१पासून एकाच लायब्ररीत फंक्शनांची जुनी आणि नवी रूपे शेजारी-शेजारी नांदू लागली. म्हणूनच तो ६चा आकडा आजही टिकून आहे.

८/ इतर लायब्रऱ्यांनी मात्र इतका संयम पाळला नाही. १९९८मध्ये स्थापन झालेल्या लोकी कंपनीने 'सिव्हिलायझेशन : कॉल टु पॉवर'सारखे खेळ लिनक्सवर आणले, २००२च्या आरंभी ती बंद पडली. ज्या प्रोग्रॅमची मूळ संहिता खुली नाही, तो नव्याने बांधता येत नाही. त्याला त्याचा काळच परत मिळवून द्यावा लागतो.

९/ त्याची रीत अशी : 'एलडीडी' ही आज्ञा देऊन कोणती लायब्ररी गहाळ आहे ते पाहावे, त्या काळची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, 'एलडी_लायब्ररी_पाथ'द्वारे केवळ त्या प्रोग्रॅमलाच तिची वाट दाखवावी. लोडरच नसेल, तर आभासी यंत्रात त्या काळची संपूर्ण लिनक्स प्रणाली उभारणे श्रेयस्कर.

१०/ मोडीतला कागद शाबूत असला, तरी मोडी वाचणारा नसेल तर तो मुकाच राहतो. प्रोग्रॅमचेही तसेच आहे. उद्याच्या इतिहासकाराला विसाव्या शतकाची ही साधने अभ्यासायची असतील, तर फाइलबरोबर तिच्या लायब्रऱ्याही जपाव्या लागतील.