संपातीचे पंख

१९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागाविषयी बोलताना ‘राखेतून उठलेला फिनिक्स’ ही उपमा वारंवार कानावर येऊ लागली. मला ती कधी आपली वाटली नाही. आपल्या जिल्ह्याचा पक्षी वेगळा आहे आणि त्याची ओळख आपल्याला शाळेनेच करून दिली.

सातवीत आपली सहल येडशीच्या रामलिंगला गेली होती. घळीत उतरणाऱ्या पायऱ्या आणि डबे पळवणारी माकडे सर्वांना आठवत असतील. तिथे जटायूची समाधी दाखवतात. सीतेला नेणाऱ्या रावणाला म्हाताऱ्या जटायूने इथेच अडवले, असे लोक सांगतात. नाशिक जिल्ह्यातले टाकेद, आंध्रातले लेपाक्षी आणि केरळातले चडयमंगलम इथेही हीच कथा सांगतात. खरी जागा कोणती, हे इतिहासाला ठरवता येणार नाही. पण हरणार हे दिसत असूनही लढलेला पक्षी आपल्याच रानात पडला, असे इतक्या दूरदूरच्या लोकांना वाटावे, हाही इतिहासच.

फिनिक्सची कथा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहिली. ५०० वर्षांतून एकदा हा पक्षी बापाचा देह गंधरसाच्या गोळ्यात घालून इजिप्तमधल्या सूर्यमंदिरात आणतो, एवढेच त्यात आहे. त्यात आगही नाही आणि राखही नाही. ती नंतरच्या लेखकांनी घातली. मग फिनिक्स एकटाच जळू लागला आणि एकटाच उठू लागला.

३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमचे घर पडले, तेव्हा मी एकटा उठलो नाही. मला शेजाऱ्यांनी दगडमातीतून ओढून काढले. धाकटा भाऊ सापडला तो दुपारी. पुढचे काही महिने मी पत्र्याच्या शेडमध्ये नुसता बसून होतो.

त्या दिवसांत रामलिंगची सहल आठवली आणि त्याबरोबर जटायूचा थोरला भाऊ संपाती. लहानपणी दोघे सूर्याकडे झेपावले. धाकटा होरपळू लागला तेव्हा संपातीने त्याच्यावर आपले पंख पसरले. ते जळाले आणि तो विंध्य पर्वतावर पडून राहिला. पुढे सीतेचा शोध न लागल्याने हताश झालेल्या वानरांच्या तोंडून त्याला भावाच्या मरणाची बातमी कळली. त्याने भावाला जलांजली दिली आणि सीता लंकेत आहे, हे वानरांना सांगितले. वाल्मीकी रामायणात त्यानंतर लगेच त्याला नवे पंख फुटतात.

एक दिवस शेजारची आजी मदतीचा अर्ज घेऊन आली. म्हणाली, “लेकरा, तुला लिव्हता येतंय, एवढं भरून दे.” दुसऱ्या दिवशी चार जण आले, आठवड्याने रांग लागली. किती अर्ज लिहिले ते मोजले नाही. पण त्या रांगेमुळे मी सकाळी उठू लागलो, दाढी करू लागलो, जेवू लागलो.

भाऊ परत आला नाही. जटायूही परत आला नव्हता. पण अक्षर ज्या शाळेने गिरवून घेतले, तिच्या स्मरणिकेत एवढे नोंदवून ठेवावेसे वाटले. मित्रांनो, आपल्यापैकी कुणी आज पंख जळून बसला असेल, तर त्याला नुसता धीर देऊ नका. त्याला जमेल असे एखादे काम घेऊन त्याच्या दारी जा.