इंग्रज-डच युद्धे
सागरी व्यापाराच्या वर्चस्वासाठी इंग्लंड व डच प्रजासत्ताक यांच्यात सतराव्या शतकात झालेली तीन आरमारी युद्धे (१६५२–५४, १६६५–६७ व १६७२–७४). चौथे युद्ध अठराव्या शतकात (१७८०–८४) झाले.

पहिले युद्ध : यूरोपातील मालवाहतूक मुख्यत्वे डचांच्या हाती होती. तिला शह देण्यासाठी इंग्लंडने १६५१ मध्ये नौकानयन कायदा केला. डच जहाजांचा मार्ग इंग्लिश खाडीतून जात असल्याने भूगोलही इंग्लंडला अनुकूल होता. डचांची भिस्त भाड्याने घेतलेल्या सशस्त्र व्यापारी जहाजांवर, तर इंग्रजांची मोठ्या तोफांच्या युद्धनौकांवर होती. १६५३ मध्ये इंग्रजांनी एका रांगेत राहून लढण्याचे नियम केले. त्याच वर्षी स्केव्हनिंगेनच्या लढाईत डच सेनापती ट्रॉम्प मारला गेला. वेस्टमिन्स्टरच्या तहाने (१६५४) युद्ध संपले.

दुसरे युद्ध : पराभवातून धडा घेऊन डचांनी सु. ६० नव्या युद्धनौका बांधल्या. १६६५ मध्ये लोस्टॉफ्ट येथे ते हरले. परंतु १६६६ मधील चार दिवसांच्या लढाईत द रॉयटरने इंग्रजांची मोठी हानी केली. प्लेग, लंडनची आग व द्रव्याची चणचण यांमुळे दुसऱ्या चार्ल्सने मोठ्या नौका चॅटम येथे नांगरून ठेवल्या. जून १६६७ मध्ये डचांनी मेडवे नदीत शिरून त्यांपैकी काही जाळल्या व ‘रॉयल चार्ल्स’ ही नौका ओढून नेली. ब्रेडाच्या तहाने (१६६७) न्यू ॲम्स्टरडॅम (न्यूयॉर्क) इंग्रजांकडे व सुरिनाम डचांकडे राहिले.

तिसरे युद्ध : १६७२ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांनी संयुक्तपणे आक्रमण केले. फ्रेंच सैन्य खुष्कीच्या मार्गाने डच प्रदेशात घुसले. तथापि सोलबे (१६७२), स्खोनेव्हेल्ड व टेक्सल (१६७३) येथील लढायांत द रॉयटरने समुद्रमार्गे येणारे संकट टाळले. १६७३ मध्ये डच आरमार मुंबईसमोरही आले होते. परंतु हल्ला न करता ते परतले. पार्लमेंटने पैसा नाकारल्याने चार्ल्सने १६७४ मध्ये तह केला.

परिणाम : युद्धकाळात व्यापारी जहाजांवर विसंबून चालत नाही, कायमचे आरमार व त्यासाठी नियमित पैसा लागतो, हे या युद्धांनी सिद्ध केले. तिसऱ्या युद्धात समुद्रावर टिकाव धरूनही डचांना फ्रान्सविरुद्ध भूदलावर अपार खर्च करावा लागला, आणि सागरी व्यापाराचे नेतृत्व हळूहळू इंग्लंडकडे गेले. चौथ्या युद्धात तर डचांना भारतातील नागपट्टणम् इंग्रजांना द्यावे लागले.