पोटाला कात्री, ताटाला नियम

लठ्ठपणावरच्या पहिल्या शस्त्रक्रिया खाण्यावर नव्हे, पचनावर घाव घालत. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे आतड्याचा बराचसा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. वजन झपाट्याने उतरे. पण जुलाब, मुतखडे आणि यकृताचे आजार मागे लागत. न पचलेली चरबी आतड्यातले कॅल्शियम अडवून ठेवी, मग मोकळे ऑक्झलेट रक्तात शिरून मूत्रपिंडात खडे होत. त्यामुळे ऑक्झलेट भरपूर असलेल्या पालकासारख्या भाज्याही पथ्यात वर्ज्य ठरल्या.

आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या रुग्णांचे वजन वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९६६ मध्ये त्यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला, म्हणजे जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली.

आता खाण्याची रीतच बदलावी लागली. जठराची पिशवी पुढे जेमतेम ३० मिलीपर्यंत, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील इतकी लहान झाली. आधी पातळ पदार्थ, मग मऊ गरगट, शेवटी घट्ट अन्न, असा क्रम ठरला. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी प्यायचे नाही. गोड जास्त झाले तर ते वेगाने आतड्यात उतरून घाम, धडधड आणि मळमळ सुरू होते. याला डंपिंग म्हणतात.

मुंबई-पुण्यात याच क्रमात वरणाचे पाणी, ताक आणि मऊ खिचडी आली. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने आणि बी-१२ सारखी जीवनसत्त्वे मात्र सगळीकडे सारखीच, तीही जन्मभर.